डावीकडची शेवटची अर्धी फेरी

रेंकर ऑटो पार्ट्स, हॅडन फोर्क, ओहायो
९ सप्टेंबर १९९३

वेंडेल,

तुझा पत्ता इडाआत्याच्या मुलीकडून मिळाला. तिला दोष देऊ नकोस. मी सरळ विचारलं, तिनं सरळ सांगितलं. बत्तीस वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा खुशाली विचारायचं नाटक मी करत नाही. एक प्रश्न आहे, तेवढ्याचं उत्तर पाठव.

तुझ्या हिरव्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर पत्र्याची पट्टी होती. तिच्यावरचा नंबर पंचावन्ननं सुरू होत होता की छप्पन्ननं?

कारण साधं आहे. थर्लो बीम नावाचे एक गृहस्थ आहेत, दुधाच्या टँकरवर चालक होते, आता निवृत्त. त्यांनी उन्हाळ्यात कुठल्याशा शेतकऱ्याच्या लिलावात गोठ्यात पडून असलेली एक जुनी गाडी उचलली. तुझ्याच मॉडेलची. रंगही तोच. ते ती सुधारतायत आणि स्टिअरिंगपाशी अडलेत. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालते, पण स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं की शेवटच्या अर्ध्या फेरीत अडकतं आणि परत यायला तयार नसतं. त्यांच्याकडचा मालकीचा कागद छप्पन्न सालचा आहे. मी छप्पन्नचे पार्ट दिले. फरक पडला नाही.

तेव्हा त्या वर्षीच्या गाड्यांत मध्येच काही बदल झाला होता का, हे मला पाहायचंय. बस्स. बाकी काही नाही.

तू मनात काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते. त्या गोष्टीचा निकाल चौकशीत लागलेला आहे. मी शपथेवर सांगितलं होतं की तुला दिलेला पार्ट बरोबर होता. ते मी आजही नाकारत नाही. पुढे लोक काय बोलले, तू का निघून गेलास, त्याला मी जबाबदार नाही.

दुकान मी डिसेंबरअखेर बंद करतेय. गुडघे दुखतात. तब्येत बाकी ठीक.

अर्डिथ

ता.क. बीम यांची बायको दर गुरुवारी दुकानात फोन करते. चार वाजून दहा मिनिटांनी, अगदी ठरल्यासारखा. बाई चौकस आहे. गाडीबद्दल नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त कळतं.


२४ सप्टेंबर १९९३

वेंडेल,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरते.

बीम मंगळवारी आले होते. उंच, सहा फूट दोन इंच तरी असतील. दारातून येताना मान वाकवतात, आपले बाबा वाकवायचे तशी. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाले, "मॅडम, तुमचे टाय रॉड बसवले, आयडलर आर्म बसवला, प्रार्थना पण केली. अजून अडतंच."

"कोणत्या क्रमानं केलंत?" मी विचारलं.

"प्रार्थना शेवटी."

"ती आधी करायची असते. परत डावीकडेच?"

"डावीकडेच. आणि अजून एक. हसणार नसाल तर सांगतो."

"मी कामाच्या वेळात हसत नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे." मग जरा खाली बघत म्हणाले, "रात्री मी चाकं सरळ करून शेड बंद करतो. सकाळी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे असतं."

मी सांगितलं की जमीन उताराची असेल. म्हणाले, शेडला सिमेंटची फरशी आहे, पाणसळ लावून स्वतः ओतलेली. मग मी म्हटलं, जोडांमधला ताण सुटत असेल. हे उत्तर फारसं बरोबर नाही हे मला बोलतानाच कळलं. पण दुसरं नव्हतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. सीट. ती रोज पुढे सरकलेली मिळते, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. "पाच फुटी माणसानं चालवावी तशी," ते म्हणाले. रूळ झिजलेत, मी म्हटलं. खाच पकडत नसेल.

काल गुरुवार होता. चार दहाला फोन आला. तिच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातून काही निष्कर्ष निघतो का हे मला कळत नाहीये आणि स्टिअरिंगच्या कामात तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

मी तिला विचारलं, "उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत स्टिअरिंगच्या किती फेऱ्या होतात? त्यावरून आत कोणता स्टिअरिंग बॉक्स आहे ते कळेल."

"मोजते हं," ती म्हणाली. आणि मोजायला लागली. "एक." मागून कातडी चपला घासल्यासारखा आवाज. "दोन. तीन." एक बारीक करकर, ग्रीस सुकलेल्या जोडाची, तुला माहीत आहे तशी. "चार." मग ती थांबली. "इथे. इथे अडतं. पुढे अर्धी राहते."

"जोर लावू नका."

"मी कुठे जोर लावते? हेच जातं पुढे. परत येत नाही, हीच तर तक्रार आहे." मग जरा हसून म्हणाली, "कागद बघू नका. दाराची पट्टी बघा. पंचावन्न आहे."

मी नंबर विचारला. तिनं सगळे आकडे वाचले, एकेक, घाई न करता. मी कार्डावर लिहून घेतले. पंचावन्ननंच सुरू होतात.

बाबांची पाटी अजून काउंटरमागे आहे. 'वर्ष सांगू नका, पार्ट दाखवा.' त्या काळी न खपलेली गाडी पुढच्या साली विकली की विक्रेते कागदही पुढच्या सालचा करायचे. आतलं लोखंड जुनं, कागद नवा. बाबा म्हणायचे, कागद माणसानं लिहिलेला असतो, लोखंडाला लिहिता येत नाही. मी त्या वेळी कॉलेजातून नुकती आले होते. मला त्यांचं बोलणं अडाण्याचं वाटायचं.

तुझ्या गाडीची पट्टी काय सांगत होती, वेंडेल?

अर्डिथ


८ ऑक्टोबर १९९३

वेंडेल,

हे पत्र मी शांतपणे लिहितेय. तीन कप कॉफी प्यायले आणि सकाळीच दुकानाची फरशी पुसून काढली. तेव्हा मी घाबरून लिहितेय असं समजू नकोस.

बीम सोमवारी आले. मी कार्ड काढून म्हटलं, "तुमची गाडी पंचावन्नची आहे. मी चुकीच्या वर्षाचे पार्ट देत होते. तुमच्या बायकोनं पट्टीवरचा नंबर वाचून दाखवला, बरं झालं."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. "कोणाची बायको?"

"तुमची. दर गुरुवारी फोन करते ती."

"मॅडम," ते अगदी हळू बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसं, "मी लग्नच केलं नाही. घरात दोन कुत्रे आहेत. दोघंही नर. फोन करणारा त्यातला एकही नाही."

"मग बहीण असेल. शेजारीण."

"माझ्या शेडमध्ये कोणी येत नाही. किल्ली माझ्या खिशात असते."

मग मी पट्टीचं म्हटलं. त्यावर ते आणखीच गोंधळले. म्हणाले, दाराच्या चौकटीवर पट्टीच नाहीये. मी म्हटलं, असते, सगळ्यांना असते. ते गेले आणि तासाभरानं परत आले. त्यांच्या नखांत हिरव्या रंगाचे पापुद्रे होते. कोणीतरी चौकटीवर रंगाचे दोन जाड हात मारले होते, पट्टी त्याखाली गेली होती. त्यांनी पातीनं खरवडून काढली. नंबर पाकिटाच्या मागे लिहून आणला होता.

मी कार्ड आणि पाकीट शेजारी ठेवलं. आकडा न् आकडा तोच.

बीम टोपी हातात घेऊन उभे होते. "तुमच्याकडे जुन्या नोंदी असतील," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांना 'हो' हवं होतं.

मी हो म्हटलं. खोटं बोलले.

त्यानंतर मला एक गोष्ट सुचली. ती दोन आठवडे सुचली नव्हती याची मला लाज वाटते. त्या बाईनं स्टिअरिंग फिरवत फेऱ्या मोजल्या. मी तो आवाज ऐकला. बीम यांच्या शेडमध्ये टेलिफोन नाही, मी विचारून घेतलं. मग ती बोलत कुठून होती? तिच्याकडे लांब वायरचा फोन असेल असं मी धरून चालले होते. हल्ली बिनवायरचेही मिळतात, तेही मला माहीत आहे. पण शेडला कुलूप होतं.

काल गुरुवार होता. चार दहाला फोन वाजला. मी काउंटरवर हात ठेवून घंट्या मोजल्या. अकरा वेळा वाजला. मी उचलला नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. ती मला 'मिस रेंकर' म्हणते. गावात मला कोणी तसं म्हणत नाही. सगळे अर्डिथ म्हणतात, नाहीतर मॅडम. 'मिस रेंकर' फक्त एकच व्यक्ती म्हणायची, लग्न होऊन आपल्या घरात आली तरी. मी शाळामास्तरणीसारखी वागते म्हणून, मला चिडवायला. बटाटे सोलताना म्हणायची, "मिस रेंकर, हे साल पुरेसं पातळ आहे का? की उभं राहू कोपऱ्यात?"

पट्टीचा नंबर कळव. कृपा करून.

अर्डिथ


२२ ऑक्टोबर १९९३

वेंडेल,

तुझ्या उत्तराची आता गरज नाही.

मी बीमना सांगितलं होतं की जे जे बदलता येतं ते आपण बदललं. राहिला पिटमन आर्म. तोच, बॉक्समधून निघून डावी-उजवी झुलणारी लोखंडी दांडी, जी सगळा जोड ओढते. त्यांनी तो बघितला नव्हता, कारण तो नवा दिसत होता. "बाकी सगळं गंजलेलं," ते म्हणाले, "हा एकटा मुलाखतीला आलेल्या पोरासारखा चकचकीत. म्हटलं, याचा काय दोष असणार?"

"नवा आहे म्हणूनच काढा," मी म्हटलं.

काल सकाळी त्यांनी तो फडक्यात गुंडाळून आणला आणि काउंटरवर ठेवला. फडकं उलगडलं. आतून पाणी आलं. थोडंसंच, कपभर. काउंटरच्या कडेनं ओघळून माझ्या बुटावर पडलं. बीम म्हणाले, "आता हे कुठून? मी कोरडा करून आणला." पाण्याला चुनखडीचा वास होता. खाणीच्या तळ्याचा. तुला तो वास मी सांगायला नको.

दांडीच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.

तू ओळखशीलच. मी स्वतः तपासून दिलेल्या प्रत्येक पार्टवर मी पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचे. बाबा हसायचे, कोंबडीनं अंडं मोजावं तशी करतेस म्हणायचे. आणि नटच्या बाजूला कानशीनं मारलेल्या तीन रेघा होत्या, दोन जवळ, एक लांब. आपल्या हातानं बसवलेल्या पार्टवर तशा रेघा मारणारा माणूस मी एकच पाहिलाय.

म्हणजे गाडी भंगारात गेलीच नव्हती. तळ्यातून काढली, कोणीतरी उचलली, रंग दिला आणि गोठ्यात ठेवून दिली. तिच्यात तो आर्म तसाच राहिला. बत्तीस वर्षं.

बीमना मी काही बोलले नाही. "बघते," एवढंच म्हटलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. जाताना म्हणाले, "मॅडम, मला घाई नाही. या गाडीलाच घाई आहे असं वाटतं मला कधीकधी."

आर्म मी खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं. मोजला नाही. पंचावन्न सालचा आर्म मागच्या फळीवर आहे, उतरवायला शिडीसुद्धा लागत नाही. मी तो उतरवला नाही.

चार दहाला फोन वाजला. चौदा वेळा.

मी एकसष्ट साली चौकशीत खरं तेच सांगितलं होतं. पार्ट पुस्तकाप्रमाणे बरोबर होता.

अर्डिथ


५ नोव्हेंबर १९९३

वेंडेल,

तुझं कार्ड काल आलं. ओरेगनच्या एका दीपगृहाचं चित्र, मागे एक ओळ.

'मी जुना पार्ट आणला होता. तू त्याच्याकडे बघितलंस का?'

तू रागावून लिहिलं असतंस तर मी रागावून उत्तर दिलं असतं. ते मला येतं. तू तसं केलं नाहीस. तेव्हा लिहिते.

नाही. मी बघितलं नाही.

आठ नोव्हेंबर एकसष्ट, बुधवार. तू खाणीतून कामाच्याच कपड्यांत आलास. झिजलेला आर्म फडक्यात होता. तू तो काउंटरवर ठेवलास. मी नुकतंच मोठं कॅटलॉग मागवलं होतं, सगळ्या गाड्या वर्षवार लावलेल्या, आणि काउंटर पांढऱ्या साबणानं धुतला होता. मी म्हटलं, "ते घाणेरडं उचल आधी. वर्ष सांग."

तू म्हणालास, "बाबा म्हणतात—"

मी म्हटलं, "बाबा इथे नाहीत. मी आहे. कागदावर काय वर्ष आहे?"

तू कागद दाखवलास. छप्पन्न. मी पान उघडलं, नंबर पाहिला, फळीवरून आर्म काढला, ठिपका लावला. तू अजून फडकं धरून उभाच होतास. तू म्हणालास, "अर्डिथ, एकदा शेजारी ठेवून बघू या का?"

मी म्हटलं, "तुला वाचता येत नसेल, पण मला येतं."

हे आपल्या दोघांशिवाय कोणी ऐकलं नाही. तूही ते कोणाला सांगितलं नाहीस. चौकशीत नाही, शेरीफला नाही, बाबांनाही नाही. मी बत्तीस वर्षं तुझ्या गप्प बसण्याला अपराधाची कबुली समजत आले. समजत आले म्हणणंही पूर्ण खरं नाही. तसं समजणं सोयीचं होतं.

चौकशीत मला विचारलं, "बाई, जुना पार्ट आणि नवा पार्ट तुम्ही जुळवून पाहिला होता का?" मी म्हटलं, "हो."

तो एक शब्द. पार्ट बरोबर ठरला. मग गावाला दोनच शक्यता उरल्या. एक, तू नीट बसवला नाहीस. दुसरी त्याहून वाईट. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पाण्याच्या बाजूला वळलेलं सापडलं, आणि आदल्या रविवारी चर्चच्या जेवणात तुमचं भांडण झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा लोक म्हणाले की तुझ्या कोरालीनं गाडी मुद्दामच तळ्यात घातली. तिच्या आईनं शेवटपर्यंत ते मनात ठेवलं. तिच्या आईला मी दर नाताळात जर्दाळूचा मुरांबा न्यायचे. ती म्हणायची, "अर्डिथ, तू एक तिची आठवण ठेवतेस." मी मुरांबा टेबलावर ठेवून यायचे.

काल रात्री नाही, आज सकाळी, उजेडात, मी खण उघडला. मागच्या फळीवरून पंचावन्नचा आर्म उतरवला. दोन्ही पाठीला पाठ लावून धरले.

छप्पन्नचा अर्धा इंच लांब आहे.

दाते सारखेच, भोक सारखंच, म्हणून बसतो. सरळ चालवताना कळत नाही. तू बुधवारी संध्याकाळी बसवून घरी नेलीस, तुला कळायचं कारणच नव्हतं. पण पूर्ण डावीकडे वळवलं की ती अर्धा इंच जास्तीची लांबी जोडाला इतकं पुढे नेते की त्याचा कोन उलटतो, आणि मग तो परत येत नाही. दर गुरुवारी, दर बुधवारी, रोजच कोराली चारला कॅनिंगच्या कारखान्यातून सुटून दहा मिनिटांत तुला न्यायला खाणीवर यायची आणि तळ्याच्या काठाशी गाडी फिरवून लावायची. तिथे जागा अरुंद. पूर्ण डावीकडे न्यावंच लागायचं.

नऊ तारखेला तिनं तेच केलं. तू वजनकाट्याच्या खोलीतून बाहेर येत होतास.

मी आधी तुझी माफी मागणार होते. मग वाटलं, तुझ्याआधी दुसरं कोणी आहे. काल चार दहाला फोन वाजला तेव्हा मी उचलला. कानाला लावला. पलीकडे कोणी बोललं नाही. फक्त करकर ऐकू येत होती, आणि पाण्याचा आवाज, पत्र्यावर बाहेरून हलकंच लागणाऱ्या पाण्याचा. मी खाली ठेवला.

पुढच्या गुरुवारी बोलेन.

अर्डिथ


१२ नोव्हेंबर १९९३

वेंडेल,

जे केलं ते क्रमानं लिहिते.

सोमवारी मी नोटरीसमोर नवा जबाब लिहून दिला: पार्ट मी जुळवला नव्हता, चौकशीत खोटं सांगितलं, पार्ट चुकीचा होता, बसवणाऱ्याचा दोष नाही आणि चालवणारीचाही नाही. शेवटचं वाक्य नोटरी गाळायला सांगत होता, कायद्यानं त्याची गरज नाही म्हणे. मी म्हटलं, "गरज कायद्याची नाहीये. लिहा." एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीत दिली, एक आपल्या वर्तमानपत्राला. त्यांनी बुधवारी छापली, चर्चच्या नूडल्सच्या जेवणाच्या जाहिरातीशेजारी. काल दिवसभर दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नाही. काचेतून मात्र बरेचजण बघून गेले. एकजण काचेला नाक लावून उभा होता, त्याला मी आत बोलावलं. आला नाही.

मंगळवारी बीमना सगळं सांगितलं. गाडी कोणाची, आर्म कोणाचा, फोन कोणाचा. ते टोपीची कड फिरवत ऐकत होते. मला वाटलं गाडी विकतो म्हणतील. ते म्हणाले, "मग बरोबरचा पार्ट द्या, मॅडम. ती कधीची थांबलीय."

पंचावन्नचा आर्म मी त्यांना शेजारी ठेवून दाखवला आणि मग दिला. ठिपका लावला नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी बसवला आणि मला घ्यायला आले. खाणीवर जाऊ या, मी म्हटलं. तळ्याला आता तारेचं कुंपण आहे, फिरायची जागा तेवढीच अरुंद आहे. मी चालवायला बसले. सीट पुढच्या खाचेत होती, कोरालीला लागायची तशी. बीम म्हणाले, "मागे घेऊ का?" मी नको म्हटलं. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते, तसेच राहू दिले. पूर्ण डावीकडे नेलं. चाकं काठाच्या दगडांवरून गेली. कुंपणाच्या तारेला बंपर लागला. मी हात सैल सोडले आणि स्टिअरिंग आपलं आपण सरळ झालं.

बीम टोपी काढून उभे होते. मी उतरून काठाच्या दगडावर बसले. वय झालंय, दुसरं काही नाही.

काल गुरुवार. चार वाजता मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले. चार दहाला वाजला. पहिल्याच घंटीला उचलला.

"मिस रेंकर?"

"कोराली," मी म्हटलं. बत्तीस वर्षांत ते नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं, तिच्या आईच्या घरातसुद्धा नाही. "पार्ट मी जुळवून पाहिला नव्हता. वेंडेलनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग खोटं बोलले."

मला वाटलं, फोन बंद पडलाय.

मग ती मोजायला लागली. "एक. दोन. तीन. चार." मी काउंटरची कड धरली. करकर नव्हती. "साडेचार," ती म्हणाली, आणि जरा थांबली. तेवढ्यात मी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. मग उलट. कातडी चपलेसारखा तोच घासल्याचा आवाज, सावकाश, एका दमात. "एक. दोन. तीन. चार. साडेचार."

"येतं परत," ती म्हणाली. मला नव्हे. शेजारी बसलेल्या कोणाला तरी सांगावं तसं.

मग तिनं मला म्हटलं, "साल पुरेसं पातळ आहे का, मिस रेंकर?"

"हो," मी म्हटलं. "छान आहे."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसती लाइन मोकळी झाली. मी अंधार पडेपर्यंत तो कानाला धरून बसले होते.

आज सकाळी बीम आले. चाकं सरळ होती, म्हणाले. सीट मात्र पुढेच होती. त्यांनी ती मागे घेतली तेव्हा अलगद गेली, कोणी धरून ठेवलेली नव्हती. रुळाखाली एक केसाची पिन सापडली, ती त्यांनी मला दिली. या खोक्यात आहे.

खोक्यात आणखी तीन वस्तू आहेत. जबाबाची प्रत आहे आणि दोन आर्म आहेत, एक ठिपक्याचा आणि एक फळीवरचा दुसरा, पंचावन्नचा. जड आहेत, टपाल कचेरीतल्या पोरीनं दोनदा वजन केलं. मी माफी मागतेय, पण ती देशील अशी अपेक्षा ठेवून नाही. तू इथे आलास तर मागची खोली आहे. नाही आलास तरी मला कळेल.

एवढं कर. दोन्ही दांड्या टेबलावर ठेव. भोकाला भोक लावून पाठीला पाठ धर आणि बघ. किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून मोजलं.

चार सेकंद.

तुझी बहीण,
अर्डिथ